बसा की आता!

दवाखान्यात बाक रिकामा होता, तरी बसचालक भिंतीला टेकून उभाच होता. माकडहाडाशी गळू झालेलं, पहिल्यांदाच दाखवायला आला होता. शेजारी तसाच उभा एक न्हावी आणि त्याची बायको; न्हाव्याचं तिथलंच गळू आधी कापून झालेलं.

"अहो, जखम भरली म्हणाले ना डॉक्टर? मग बसा की आता!"

"आणि परत गळू झालं तर?"

"केस आत रुतले म्हणून झालं होतं. मी तिथे केस कापायचं मशीन फिरवते ना दर रविवारी?"

"फिरवतेस, आणि वर विचारतेस, मालिश करू का!"

"तुम्ही गिऱ्हाइकाला विचारता तसंच. हलू नका, असंही म्हणते."

"हळू बोल गं, लोक ऐकतायत."

"ऐकू देत. पू येईपर्यंत लाजलात, म्हणून एवढं कापावं लागलं. बसा!"

न्हावी जपून बाकावर टेकला.

"काय, दुखतंय?" बायकोनं विचारलं.

"अगं, काहीच दुखत नाही!"

दोघं खो खो हसत सुटली. तेवढ्यात आतून बसचालकाच्या नावाचा पुकारा झाला. तो दोन पावलं गेला आणि मागे वळला.

"वहिनी, ते मशीन चालवायला आमच्या हिला शिकवाल?"

"शिकवते की! पाठवा घरी."

"जा भाऊ, बिनधास्त जा," न्हावी बसल्या जागेवरून म्हणाला, "फक्त हलू नका."