दाखल्यावरचं कारण

१९४४ साल. गोरेगावच्या शाळेत नाव घालायला रांग होती. माझ्यापुढे फौजेतल्या एका शिपायाची बायको होती. तिची मुलगी बाहेर ओट्यावर बसली होती.

“जबलपूरची शाळा काऊन सोडली?” हेडमास्तरांनी विचारलं.

“तिच्या बाबाची बदली झाली, गुरुजी.”

“कुठं?”

“हळू बोला जी. ते बर्माच्या लढाईत वारले. पलटनीचं घर खाली करा लागलं. पोरीले अजून सांगतलं नाही. म्हनून तिथल्या मास्तरले म्हनलं, दाखल्यावर बदलीच लिवा.”

“बाई, यात तर ‘पिता युद्ध में मारे गए’ लिहून आहे.”

“नाही जी. मले वाचता येत नाही, पन पोरीनं गाडीत पुरा दाखला वाचून दाखवला. बदलीच म्हनाली.”