पदरातली काच

(मुळशी, १९५६. धरणाच्या वसाहतीतलं छोटं चर्च बंद होतंय. पुण्याचा भिवाजी मिस्त्री शिडीवर चढून येशूच्या आईचं, मारियेचं चित्र असलेली रंगीत काचेची खिडकी पुण्याच्या चर्चसाठी सोडवतोय. खाली फादर आंतोन आणि झाडलोट करणारी साळूबाई.)

भिवाजी : ...आणि फादर, हा एक तुकडा मूळचा नाही. पदराच्या निळ्यात बसवलाय, पण बाटलीची काच आहे ही. लाखेनं चिकटवलीय. टाकू काढून?

साळूबाई : हात लावू नगंस तिला!

फादर : साळूबाई? तुम्हाला ठाऊक होतं?

साळूबाई : मीच बसवली. तुमी पुन्याला गेला हुता. वळवाच्या गारा पडल्या अन् मारियाबाईच्या पदराची काच फुटली.

फादर : मग मला सांगायचं नाही?

साळूबाई : भ्या वाटलं. भंगलेला देव आमच्यात पूजंला ठेवत न्हाईत, पान्यात सोडत्यात. म्हनलं, फादर आले की हिलाबी धरनात सोडतील.

फादर : अहो, ही पहिल्यापासून तुकड्यांचीच आहे. त्या काळ्या रेघा दिसतात ना, ते शिसं. त्यानं सगळे तुकडे धरून ठेवलेत. आमच्यात देव मोडलेल्यातूनही दिसतो. काचेला स्वतःचा उजेड नसतो, साळूबाई. ऊन आलं की ती उजळते. माणसानंही असंच व्हावं, म्हणून ही खिडकी.

साळूबाई : ते मला काय ठावं न्हाई. मला येवढंच दिसायचं, हिच्या मांडीवर मेलेलं लेकरू हाय, अन् ती त्याला खाली ठेवत न्हाई.

भिवाजी : फादर, उजेडात पौड गाठायचंय. ट्रकवाला खोळंबलाय. या बाटलीचं काय करू?

फादर : जरा थांब. कसली बाटली होती, साळूबाई?

साळूबाई : दवाखान्यातली. मोट्या सिस्टरनी दिलेली, जयाच्या तापाला. निम्मं औषद तसंच ऱ्हायलं.

फादर : जया म्हणजे...

साळूबाई : माजी धाकली. तीन वर्साची. येवढ्याशा लेकराला आमच्यात जाळत न्हाईत, पुरत्यात. मालकांनी धरनाच्या काठाला पुरली. उन्हाळा हुता, पानी लांब हुतं. आखाडात पानी चढलं अन् जागा बुडाली. तवापासनं दरसाली बुडती, ते पार शिमग्यापातुर. लई गार असतं वो ते पानी, फादर. मी काठाला जाती अन् नुसती बघत बसती.

फादर : दहा वर्षं तुम्ही इथं झाडताय. मी एकदाही विचारलं नाही. माझं चुकलं.

साळूबाई : तुमी काय करनार हुता? तिसऱ्या पारी ऊन फिरलं की त्या तुकड्यातनं निळा डाग उतरायचा खाली, येवढासा. मी तितं कदी केरसुनी लावली न्हाई. पाय दिला न्हाई. तुमी वरडायचा, तिथली धूळ तशीच का म्हनून.

फादर : ओरडायचो खरा.

भिवाजी : बाई, देतो अलगद काढून. घरी न्या. पुण्याला मापाची नवी बसवतील.

फादर : ते त्यांना ठरवू दे, भिवाजी. साळूबाई, काच तुमची आहे. हवी तर घरी न्या. नाहीतर मी चिठ्ठी लिहून देतो, पुण्याच्या देवळात ही अशीच राहील. मारियेच्या पदरात.

साळूबाई : पुन्याला मला कोन नेतंय बघायला?

फादर : नाही जमायचं रोज. खोटं कशाला सांगू?

साळूबाई : अन् घरी नेली तर ठिवू कुटं? चुलीच्या धुरात? आमच्या घराला खिडकी न्हाई.

भिवाजी : लवकर काय ते सांगा, बाई.

साळूबाई : तितं कुटं बसंल ही?

फादर : उंचावर. दोन माणसांच्या उंचीवर, मावळतीच्या भिंतीत.

साळूबाई : ऊन येतं?

फादर : पावसाळा सोडला तर रोज.

साळूबाई : नदी जवळ हाय का?

फादर : लांब आहे. पाणी तिथवर येत नाही.

साळूबाई : मग जाऊ द्या. कोरड्यात ऱ्हाईल पोर.