शून्याची वही

…ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर माफ करा, नववीत शाळा सोडली, शब्दही साधेच येतात, पण तुम्हाला सांगतो, त्या वहीला मी काडी लावणार होतो. केबिन रोडवर आमच्या जितेंद्रशेठचा फोटो स्टुडिओ. मी तिथे लग्नाचे अल्बम बनवतो. शेठला कोणीतरी सांगितलं, आता सीडी कोण देतो, फाईल इंटरनेटवरच्या गोदामात चढवायची, छापखान्याने तिथून उतरवायची. आणि छापखाना कुठे? काशीमीऱ्याला. रिक्षाने अर्धा तास. पण नाही… फाईल आधी अमेरिकेला जाणार, मग काशीमीऱ्याला येणार.

शेठ म्हणाले, "आज शाम तक चढा दे, नहीं तो कल से मत आना." आणि ही वही हातात दिली. दर दहा मिनिटांनी किती टक्के चढली ते लिहायचं, पुढे सही. "और लिखने से पहले रिफ्रेश मार. बासी आंकडा नहीं चाहिए मेरेको." क्रिकेटचा स्कोअर बघताना हा माणूस दिवसभर तेच बटण दाबतो ना, म्हणून. बरं, दाबलं. चौदा टक्क्यांवर आलेली फाईल गायब, परत निवडा, परत पहिल्यापासून… लिहिलं शून्य, केली सही.

दहा मिनिटं. पंधरा टक्के. दाबलं. लिहिलं शून्य, केली सही.

काउंटरवरची निशिगंधा म्हणते, "अरे, तू दाबतोस म्हणून पडतेय ती. हात नको लावू." कळतं हो मलाही, पण शेठला कोण सांगणार? तिने माझ्याकडे बघितलं, म्हणून सगळा धीर गोळा करून गेलो. "शेठ, वो बटन…"

"नौवी फेल मेरेको कंप्यूटर सिखाएगा?"

फेल नाही हो, सोडली… हे आपलं तुम्हाला सांगतो. आलो, दाबलं. लिहिलं शून्य, केली सही.

संध्याकाळी शेठनी वही चाळली. पानभर शून्यं, पानभर माझ्या सह्या. "दिन भर सोया था क्या? कल ग्यारह बजे तक टाइम देता हूँ. बस."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नऊलाच दुकान उघडलं, फाईल सीडीवर उतरवली, रिक्षा पकडून काशीमीऱ्याला गेलो, छापखानेवाल्याच्या हातात दिली आणि अकराच्या आत परत. तेवढ्यात त्याचा शेठना फोन, फाईल मिळाली म्हणून. शेठ खूश. निशिगंधाला म्हणतात, "देखा? वही रखा तो चढ गया." मग मला, "लिख, सौ."

मी तोंड उघडलं… सांगणारच होतो…

लिहिलं शंभर, केली सही.