नामदेवच्या नाडीचं घड्याळ

नामदेवले बिबट्यानं नेलं म्हणून मी खरोखर रडलो होतो, सांगतो ना.

आमच्या भद्रावतीचा नामदेव, माह्या घराच्या बाजूलेच राहते. त्याच्या पोरानं पुण्याहून घड्याळ पाठवलं. बाप किती चालला, नाडी कशी हाय, सारं पोराच्या मोबाईलवर दिसे. "बाबा, रोज इतकं चाला, म्हातारपण लांबते," म्हणे. चालणं कमी पडलं की फोनवर रागवे. मंग काही महिन्यांत घड्याळानं सांगितलं, बापाचं शरीर दहा वर्षांनं जवान झालं. पोरगा खुश!

एका संध्याकाळी त्याच पोराचा मले फोन. "काका, बाबा जंगलाकडे धावून राह्यले! नाडी... काका, नाडी बंद झाली!"

त्याच आठवड्यात तिकडे बिबट्या दिसला होता. फोन तसाच धरून, चार जणं काठ्या घेऊन जंगलाकडे निघालो; आधी नामदेवच्या बायकोले सांगाले गेलो, तं नामदेव आंगणात खाटेवर बसून भजे खाऊन राह्यला!

"तू मेला नाई?" मी ओरडलो.

"काऊन मरू?"

"घड्याळ कुठी हाय?"

त्याचं भजं हातातच राह्यलं. "बकरीच्या पायाले बांधलं गा. दिवसभर तीच फिरते न!"

फोनवर पोरानं सारं ऐकलं. त्याचं रडणं थांबलं. मंग हळूच म्हणे, "बाबा, मंग दहा वर्षांनं जवान कोण झालं होतं?"

नामदेवनं बकरीच्या रिकाम्या खुंट्याकडे पाह्यलं.

"तीच तं गेली न, बाप्पा!"