नोटीस न देता येणारं पाणी

माझं गाव विचारताय तर कुठलं सांगू तुम्हाला, एक पाण्याखाली हाय अन् एक वर हाय. माकणीच्या धरणात आमचं जुनं गाव गेलं, आता हाय ती नवी वसाहत, माझा जन्म जुन्यातला. गावाच्या कडंला आमची ख्रिस्ती लोकांची सात-आठ घरं होती, बाप लोकांच्या रानात सालानं राबायचा अन् रविवारी देवळाची घंटा वाजवायचा, घंटा म्हणजे काय तर लिंबाला टांगलेला रुळाचा तुकडा अन् एक हातोडी. पाळण्यातलं नाव सुमन, सिस्टर झाल्यावर मार्था झालं, गावात अजून सुमाबाईच म्हणतात. शिक्षण सातवी. पुढचं जे काय ते हातानं शिकले, सुई टोचायचं, बाळंतपण करायचं, अन् पार त्या परमुलखातली भाषा बी.

बाप वारला तवा ओढ्याकडंला आमच्या लोकांची पुरायची जागा होती, तिथं बाभळीखाली त्याला ठेवला, वर एक काळा दगड. मग धरणाचं निघालं. सरकारी माणसं आली, मोजमाप केलं, इथपर्यंत पाणी येणार म्हणून जागोजाग दगड रोवले, चावडीवर नोटीस वाचली, अन् तरी पाणी यायला वर्सं लागली. लोकांनी दारं काढली, तुळया काढल्या, मारुती हलवला, आमचा रुळाचा तुकडा बी बैलगाडीत घालून आणला. बाप तेवढा न्हाय हलवला. कुणीतरी म्हणालं, हाडं काढून वर नेऊ, तर आई म्हणाली, त्याला कशाला उठवताय, जन्मभर दमून आत्ता कुठं झोपलाय. तर तो तिथंच ऱ्हायला, अन् वरून पाणी आलं. हे तेवढं ध्यानात असू द्या बाई, ह्याच्यावरच माझी सगळी गोष्ट हाय.

मला ब्राझीलला जायचा हुकूम आला तवा आईनं विचारलं, ते सोलापूरच्या पुढं का अलीकडं. म्या म्हणलं, लई पुढं. म्हणाली, मग दिवाळीला येणं जमायचं न्हाय व्हय. आमच्यात दिवाळी नसते, पण गावात ऱ्हायलेलं माणूस दिवाळीनंच वर्स मोजतं. निघायच्या दिवशी शेजारच्या बाया वाटं लावायला आल्या, पाटलीणकाकूंनी कुंकवाचा करंडा पुढं केला, मग माझ्या डोक्यावरचं पांढरं कापड बघितलं, करंडा मागं घेतला अन् माझ्या हातावर चिमूटभर साखर ठेवली. त्या साखरंवर मी सत्तावीस वर्सं काढली म्हणा.

तिथं मला टाकलं ते नदीकाठच्या एका वस्तीत. नदी म्हणजे आपली तेरणा डोळ्यापुढं आणू नका, पलीकडचा काठ दिसायचा न्हाय अशी नदी, दूध घातलेल्या चहासारखं पाणी. घरं सगळी लाकडी खांबांवर, पोरं चालायच्या आधी पोहायची. पहाटं उठायचं, प्रार्थना करायची, देवळाची घंटा द्यायची, मग दवाखान्याची खोली उघडायची. हिवतापवाल्यांच्या बोटाचं रक्त काचंवर घ्यायचं, यंत्रातून डोळा लावून बघायचं, गोळ्या द्यायच्या. आठवड्यातनं दोन दिवस होडीनं लांबच्या वस्त्यांवर, कुठं बाळंतीण, कुठं म्हातारं माणूस. पाद्रे, म्हणजे आमचे फादर, वर्सातनं तीनदा यायचे, बाकी रविवारी मीच बायबल वाचायची अन् मीच चार शब्द बोलायची, त्यात क्रियापदं चुकायची अन् म्हाताऱ्या तोंडाला पदर लावावा तसा हात लावून हसायच्या.

मला घर झाडायला, जेवण करायला अन् भाषा शिकवायला एकच बाई होती, दोना रायमुंदा. दोना म्हणजे आपल्यात काकू म्हणतो तसं. ती मला इर्मा म्हणायची, म्हणजे बहीण. माझ्याच वयाची, नवरा नदीवरच वारलेला, एक पोरगी लुसिया. लई टिंगलखोर बाई. मी रोज संध्याकाळी सगळ्या घागरी, पातेली, तांब्या सुदिक भरून ठेवायची, दाराशी एवढी नदी असताना. आपली सवय, टँकरच्या मुलखातली. ती म्हणायची, इर्मा, नदी रात्रीतनं पळून जाणार हाय का, तुम्हाला सांगून गेली का. अन् एकदा मला भाकरीची लई आठवण झाली म्हणून त्यांच्या कंदाच्या पिठाची थापायला बसले, ते पीठ काही चिकटंना, भाकरी उचलली की भुगा. लुसिया सहा वर्सांची, ती भुगा वेचून खायची अन् म्हणायची, इर्मा, भारताची भाकरी चुलीवर यायच्या आधीच मोडती. पुढं मला बघितलं की हाताचे पंजे एकमेकांवर थापून दाखवायची.

त्या लोकांचं एक सांगते. ती माणसं पाहुण्याला न्हाय म्हणत न्हाईत. सिस्टरला तर मुळीच न्हाय. एखादी गोष्ट पटली नसंल तर ती गप बसतात अन् नदीकडं बघतात. बास. त्यातनं आपण ओळखायचं. मला तिथं चार वर्सं झाली होती अन् ही रीत मला ठाऊक होती, ठाऊक असून मी काय केलं ते ऐका.

लुसियाला साप डसला. पाणी आटलेले दिवस. आमी होडीत घालून तिला शहराकडं घेऊन निघालो, पण पाणी इतकं कमी की होडी जागोजाग वाळूत रुतायची, उतरून ढकलायची. रायमुंदानं लेकराचं डोकं मांडीवर घेतलेलं. अर्ध्या वाटंत पोर गेली. तसेच माघारी फिरलो.

आता त्यांची पुरायची जागा आत जंगलात, उंच जमिनीवर. नदी भरलेली असली की होडीनं तासाभराची वाट, पण पाणी आटलं की मांडीभर चिखलातनं अर्धा दिवस चालायचं. ऊन असं की विचारू नका. म्या म्हणलं, लेकराला चिखलातनं कशाला फरफटत न्यायचं, इथं देवळामागं आंब्याखाली चांगली सपाट कोरडी जागा हाय, आईला रोज मेणबत्ती लावता येईल. सगळी गप. बेनेदितो म्हणून वस्तीतला सगळ्यात म्हातारा माणूस होता, त्यानं टोपी काढली, आंब्याकडं बघितलं, मग नदीकडं बघितलं, लई येळ बघितलं. म्हणाला, इर्मा म्हणतात तर तसं. म्या ते व्हय धरलं. आपल्याकडं पोक्त माणूस तसं म्हणालं की व्हयच असतं की. अन् मीच प्रार्थना म्हणली अन् मीच पयली मूठ माती टाकली.

तुम्ही म्हणाल, जिचा बाप पाण्याखाली, तिला कळू नये का. तेच तर मी इतकी वर्सं स्वतःला विचारते. पण खरं सांगू का बाई, माझ्या डोक्यात पाणी म्हणजे सांगून येणारं पाणी. आधी साहेब येणार, दगड रोवणार, नोटीस वाचणार, मग माणसं आवरून निघणार, मग पाणी. आंब्याखाली कुणी दगड रोवला नव्हता. मला ती जमीन कायमची वाटली.

दोन वर्सं काही झालं न्हाय. पाणी देवळाच्या पायऱ्यांपर्यंत यायचं अन् जायचं. तिसऱ्या वर्सी नदी लई चढली, ते बी एवढं मोठं न्हाय, पण ती उतराय लागली तसा काठ ढासळाय लागला. त्या मुलखात जमीन पडती. घराएवढा तुकडा झाडासकट धप्पकन खाली जातो अन् नदी वाहत ऱ्हाती जसं काही झालंच न्हाय. मी रोज प्रार्थना झाली की थडग्यापासनं काठापर्यंत पावलं टाकायची. चाळीस. मग एकतीस. मग बावीस. रायमुंदा चुलीपासनं मला बघायची. एक दिवस आपल्या आपण म्हणाली, इर्मा, उठवूया का तिला.

ती असं कधी काही मागायची न्हाय. सत्तावीस वर्सांत तिनं माझ्याकडं मागितलेली ती एकच गोष्ट. अन् म्या म्हणलं, थांब. बिगर परवानगीचं थडगं उकरायचं कसं, पाद्रेंना विचारलं पाहिजे, त्यांनी मंत्र म्हणला पाहिजे, कागद पाहिजे. मी सतरा वर्साची असताना सिस्टर लोकांत गेले, तवापासनं विचारल्याबिगर कुठं पाऊल टाकलं न्हाय, केस किती कापायचे ते सुदिक विचारून. वायरलेसवर निरोप धाडला, पाद्रेंचा जबाब आला, आठ दिवसांत होडी घेऊन येतो. म्या रायमुंदाला म्हणलं, आठच दिवस, अजून अठरा पावलं हायेत की. तिनं ऐकलं, अन् नदीकडं बघितलं.

सहाव्या दिवशी दुपारी मी काचंवर रक्त बघत बसले होते. आवाज झाला. तोफंसारखा असं लोक म्हणतात, मला तर गोठ्यात भिंत पडावी तसा वाटला. बाहेर आले तर आंबा न्हाय. आंब्याच्या जागी आभाळ दिसत होतं. रायमुंदा काठावर उभी, हातात पीठ परतायचं लाकडी उलथणं तसंच.

वस्तीतली माणसं दोन दिवस होडीनं खालच्या अंगाला शोधत हिंडली, काही घावलं न्हाय. आठव्या दिवशी पाद्रे आले, सांगितल्याप्रमाणं, येळंवर.

रायमुंदानं मला एक शब्द लावला न्हाय. त्याच दिवशी चार वाजता रोजच्यासारखी कॉफी आणून ठेवली, मला साखर कमी लागती तर कमीच घातलेली. ती कॉफी मला गिळंना, अन् ठेवून द्यावी तर ती बघतेय. शिवी दिली असती, पुढ्यातनं कप उचलला असता तर बरं झालं असतं. त्या कॉफीवर आमची पुढची वीस वर्सं गेली. ती हसायची, टिंगल करायची, इर्मा घागरी भरल्या का म्हणून विचारायची. पण मेलेल्यांचा दिवस येतो नोव्हेंबरात, सगळी वस्ती आत उंचावर थडग्यांना जायची, तवा ही एकटी मागं ऱ्हायची. वाळलेल्या भोपळ्याच्या वाटीत मेणबत्ती लावायची अन् वाटी नदीत सोडायची. मी लांबनं बघायची. जवळ जायची माझी छाती झाली न्हाय. रविवारी शंभर माणसांपुढं क्षमेवर बोलणारी बाई मी, पण तिच्यापुढं, माझं चुकलं, एवढं वाक्य माझ्या तोंडातनं निघालं न्हाय.

मग गुडघे गेले, साखर निघाली, मोठ्या सिस्टर म्हणाल्या, आता घरी जा. निघायच्या दिवशी आज बोलायचंच म्हणून मी रात्रभर शब्द जुळवले होते. ती धक्क्यावर आली, भोपळ्याची एक वाटी माझ्या हातात दिली, माझ्या तोंडावरनं हात फिरवला. होडीचं इंजिन सुरू झालं. अन् मी काय म्हणले असंन, प्रेशरच्या गोळ्या चुकवू नको. एवढंच.

इथं आले तवा आई न्हाय, भाऊ न्हाय, वहिनी तेवढी हाय. मी धाराशिवला आमच्या सिस्टर लोकांच्या घरात असते, उन्हाळ्यात पंधरा दिवस वहिनीकडं जाते. धरण आटलं की जुनं गाव वर येतं. जोती दिसतात, विहिरीचं तोंड दिसतं, ओढ्याकडंची जागा मातुर दर साली दिसंल असं न्हाय. औंदा दिसली. चिखल वाळून भेगा पडलेल्या, वहिनीचा हात धरून मी गेले, बाभळीचं खोड काळं पडून उभं, खाली दगड. एका अंगावर कलला होता. मी बसले तिथं.

रायमुंदाच्या भाचीकडं आता मोबाईल हाय, आठवड्यातनं एकदा बोलणं होतं. म्या तिथनंच फोन लावला, म्हणलं तिला दाखवावं. तिकडं सकाळ होती. केस सगळे पांढरे, दात गेलेले. म्हणाली, इर्मा, ही तुमची नदी का, हिच्यात तर पाणीच न्हाय. म्हणून तुम्ही घागरी भरत होता व्हय. आमी दोघी हसलो. अन् त्या हसण्यातच माझ्या तोंडातनं निघून गेलं. तिच्या भाषेत म्हणले, रायमुंदा, पोरीला तिथं ठेवायला म्या सांगितलं, अन् तू उठवूया म्हणालीस तवा थांब बी म्याच म्हणलं. माझं चुकलं.

तिनं तोंड बाजूला केलं अन् बघत ऱ्हायली. मला फोनमधी दिसत नव्हतं, पण मला ठाऊक हाय त्या घराच्या त्या अंगाला काय हाय. नदी हाय.

वहिनी मागनं म्हणायली, चला वन्सं, दिवस कलला, ती बाई झोपली का काय. मी तशीच फोन धरून बसले. लई येळानं रायमुंदानं तोंड फिरवलं, विचारलं, इर्मा, तुमच्या बापाचा दगड दिसला का. म्या म्हणलं, दिसला, हितंच बसलेय. म्हणाली, मग एक मेणबत्ती तिथं माझ्या पोरीची लावा, तिला जागा न्हाय कुठं.

एकच मेणबत्ती नेली होती, अन् रायमुंदानं दिलेली वाटी. बापाला सांगितलं, औंदा तुझी राहू दे, अन् ती लुसियाच्या नावानं लावली, भोपळ्याच्या वाटीत उभी करून, वाऱ्याला हात आडवा धरून. वहिनी म्हणाली, कुणाची ही. म्या म्हणलं, माझ्या हातानं पुरलेल्या लेकराची. तिनं आपला बी हात आडवा धरला.

आता पाणी परत चढंल, दगड झाकंल, पुढच्या साली दिसंल न दिसंल, अन् मी असंन न असंन. ती माझ्यावर रागावली का तिनं सोडून दिलं, हे मला कळलेलं न्हाय, अन् आता मी विचारणार बी न्हाय, तेवढं तिच्याकडं राहू दे. तुम्ही उन्हातनं एवढ्या लांब आलात, सगळं लिहून घेतलंत. दोन घोट पाणी पिऊन जा. तुमची माणसं जिती असू देत, अन् जी गेली असतील ती कोरड्या जागी असू देत, मी रोज संध्याकाळी प्रार्थनेत घेईन तुमचं नाव.