तुळशीपत्राखालच्या नूडल्स

या मंडळी, या! जरा पुढं सरका. मागं पंखा आहे हे मला ठाऊक आहे — पण देव पुढं आहे! हं. पेटीवाले, सूर जरा खाली ठेवा, आज गळ्याचं काम कमी आणि जिभेचं जास्त आहे.

आधी एक प्रश्न विचारतो. रोज देवापुढं पान ठेवता. वरण, भात, भाजी, वर तुळशीचं पान, घंटा वाजवता, डोळे मिटता. आता सांगा — आमटीत मीठ जास्त पडलं, तर देव सांगतो का? "अगं सुमन, आज हात सैल पडला तुझा" — असा आवाज आलाय कधी गाभाऱ्यातून? नाही! देव गप्प! देव सगळं गोड मानून घेतो. मग देव सांगत नाही, तर सांगायचं कुणी? आणि सांगायचं ते कोणत्या तोंडानं?

घरचे पुरुष सांगतात म्हणता? ते सांगतात हो! ते जेवायला बसायच्या आधीपासून सांगतात. त्यांचं मी विचारत नाही.

तर मंडळी, ऐका. ही कथा पुराणातली नाही, कऱ्हाडातली आहे. पुराणात असती तर मलाही बरं झालं असतं, पण काय करणार, पुराणात नूडल्स नव्हत्या!

कऱ्हाडात एक यमुनाकाकू डबीर. पेठेत त्यांचा केवढा दबदबा! सोवळं कडक, वाणी त्याहून कडक. काकूंच्या घरात दोन नियम. पहिला — घरात जे शिजेल, ते आधी देवाला. आणि देवाला दाखवायच्या आधी रांधणारीनं चाखायचं नाही! जिभेवर थेंब नाही! दुसरा नियम — देवाला दाखवलं की तो प्रसाद. प्रसादाला नावं ठेवायची नाहीत, पानात टाकायचा नाही, कुणी वाढला तर नको म्हणायचं नाही. आता काकूंचा हात इतका बसलेला की न चाखता त्यांची आमटी कधी चुकली नाही. त्यामुळं दुसऱ्या नियमाची परीक्षा त्या घरात कधी झालीच नव्हती! चांगल्या स्वयंपाकाला नावं न ठेवणं — यात कसलं आलंय पुण्य?

काकूंचे यजमान दादा. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. स्वभावानं पाण्यासारखे, वाट मिळेल तिकडं वाहणारे. एकुलता एक मुलगा श्रीरंग. आणि सून केतकी, औषधांच्या दुकानात काम करणारी. लग्नाला तीन वर्षं झालेली, पण स्वयंपाकघरात अजून पाहुणीच! कुठं काय आहे ते ठाऊक, पण विचारल्याशिवाय डबा उघडायचा नाही. सासूनं छळलं म्हणता? छे! कधी वाईट बोलल्या नाहीत. पण "छान झालंय" असंही कधी म्हणाल्या नाहीत. तीन वर्षांत एकदाही नाही! बायकांनो, तुम्हीच सांगा, यातलं जास्त काय लागतं?

या केतकीच्या माहेरी एक पद्धत होती. शनिवारी संध्याकाळी आईला सुट्टी, आणि वडील स्वतः कढई घ्यायचे. कोबी, गाजर, सिमला मिरची उभी चिरायची, मोठ्या आचेवर परतायची, नूडल्स टाकायच्या, वरून ते काळं सॉस. घरभर धूर! आई खोकायची, वडील गायचे! वडील आता नाहीत, मंडळी. शनिवार मात्र दर आठवड्याला येतो.

म्हणून एकदा तिनं भीत भीत विचारलं, "आई, शनिवारी मी चायनीज करू घरी?"

काकू म्हणाल्या, "या ओट्यावर? नाही."

झालं! श्रीरंगानं वाद घातला नाही. आजकालची मुलं वाद घालत नाहीत — खरेदी करतात. त्यानं नवी कोरी गॅसची शेगडी आणली, खोक्यासकट गॅलरीत ठेवली. म्हणाला, "आई, तुझा ओटा तुला. आम्ही शनिवारचं इकडं करू."

आता वरवर बघितलं तर किती साधं! पण काकूंनी ते खोकं बघितलं आणि मनात हिशेब मांडला. आज शनिवारचं गॅलरीत. उद्या रोजचं गॅलरीत. आणि परवा, "आई, गॅलरी लहान पडते गं, आम्ही मलकापूरला फ्लॅट बघितलाय!" घरं भिंतीनं दुभंगत नाहीत मंडळी, आधी शेगड्या दोन होतात. काकूंना हे कळत होतं. केतकीलाही कळत होतं, तिला ते खोकं नकोच होतं! तिला त्याच ओट्यावर जागा हवी होती. पण दोघी एकमेकींना सांगतील तर शपथ!

शेवटी काकू म्हणाल्या, "कर. इथंच कर. पण माझ्या नियमानं."

नियमानं म्हणजे? ऐका! चातुर्मास चाललेला. कांदा नाही, लसूण नाही! लाल सॉसच्या बाटलीवर लसणाचं नाव निघालं — बाटली बाहेर! मग चायनीजमध्ये उरलं काय? कोबी! आणि ते काळं सॉस.

काकूंनी बाटली उजेडात धरली. "हे काळं पाणी कशाचं?"

"सोयाबीनचं, आई. आंबवून करतात."

"आंबवून?"

दादा पेपरातून म्हणाले, "इडली आंबवूनच करतेस ना! आणि नूडल्स म्हणजे काय, शेवयाच. जरा वाढत्या अंगाच्या. फक्त कोबी उभा आणि बारीक चिरला पाहिजे, नाहीतर पाणी सुटतं."

काकू हळूच वळल्या. "तुम्हांला काय ठाऊक?"

"वाचलं... कुठंतरी!" — आणि पेपर वर! आता संध्याकाळी फिरायला जाणारा माणूस एस.टी. स्टँडजवळच्या गाडीपाशी काय वाचतो, ते आपण नको विचारायला. हसू नका, तुमच्यातलेही दोघे तिथं वाचताना मला दिसलेत!

शनिवार उजाडला. संध्याकाळी केतकी ओट्याशी उभी राहिली. चाखायचं नाही! आमटी असती तर निभावलं असतं, पण या सॉसचा अंदाज न चाखता कसा लागावा? माहेरी वडील तर दर मिनिटाला चमचा तोंडात घालायचे! इथं लसूण नाही, कांदा नाही, मग चव यावी म्हणून तिनं सॉस ओतलं. रंग फिका वाटला — आणखी ओतलं! आणि सवयीनं नूडल्सच्या पाण्यात मीठ, भाजीत मीठ. सॉसमध्ये मीठ मुळातच भरलेलं, हे तिला ठाऊक नव्हतं का? होतं! पण पाठीमागं सासू उभी असली की ठाऊक असलेलं सगळं पळून जातं.

काकूंनी पाण्याचं चौकोनी मंडल काढलं. वर ताट. ताटात नूडल्स, आणि नूडल्सवर तुळशीचं पान! काय ते दर्शन! घंटा वाजली. देवानं बघितलं — आणि नेहमीप्रमाणं काही बोलला नाही.

पानं मांडली. दादा, श्रीरंग, काकू बसले. केतकी वाढायला. वाढणारीनं मागून जेवायचं, ही त्या घरची रीत. दादांनी पहिला घास घेतला... आणि दादांचे डोळे! अहो, पाटबंधारे खात्यात आयुष्य गेलं, पण एवढं पाणी त्यांनी कधी मागितलं नसेल! श्रीरंगानं घास घेतला. "केतकी, अगं हे किती—"

"श्रीरंग!" काकूंचा आवाज. "प्रसादाला नावं ठेवायची नाहीत!"

चाळीस वर्षांची सवय, तोंडून निघून गेलं. आणि मग, मंडळी... मग काकूंनी स्वतः घास घेतला.

आता बोला! मीठवाल्याचं आख्खं दुकान तोंडात! एका शब्दाचं काम होतं. "खारट" एवढंच म्हणायचं, की चायनीज त्या ओट्यावरून कायमचं हद्दपार! पण म्हणायचं कसं? नियम कुणाचा? काकूंचा! आत्ता, या घडीला, कुणी सांगितला? काकूंनी! बरं, ते तसं हद्दपार होऊन जाणार कुठं? त्या खोक्यात! काकूंनी एकदा गॅलरीकडं बघितलं, आणि घास गिळला.

केतकीनं विचारलं, "आई... कसं झालंय?"

काकू म्हणाल्या, "छान झालंय हो."

तीन वर्षांत पहिल्यांदा! केतकीचा चेहरा असा फुलला, असा फुलला! म्हणाली, "आई, थोडं आणखी वाढू?"

पुढं काय होणार? प्रसादाला नको म्हणायचं नसतं! काकूंनी डोळे मिटले. "वाढ."

तिघांनी पानं स्वच्छ केली. तांब्या दोनदा भरला. मग केतकी बसली, पहिला घास घेतला, आणि थांबली. तिनं रिकामी पानं बघितली. रिकामा तांब्या बघितला. आणि ती पोर ओंजळीत तोंड घालून रडायला लागली. "एवढं खारट... आणि तुम्ही सगळ्यांनी... माझ्यासाठी संपवलंत!"

माझ्यासाठी! ऐकलंत? अहो, काकूंनी खाल्लं नियमासाठी. श्रीरंगानं खाल्लं आईच्या धाकानं. दादांनी खाल्लं — कारण दादांना चायनीज आवडतं! केतकीसाठी त्या पंगतीत कुणीच खाल्लं नव्हतं!

काकू तांब्या भरायला उठल्या. खरं सांगायचं म्हणजे त्यांना लाज वाटली. मंडळी, शिवी पचते. पण आपण न केलेल्या मायेबद्दल कुणी पाया पडलं, तर ते पचत नाही. आठवडाभर त्या गप्पच होत्या. पेठेतल्या बायकांना वाटलं, काकूंनी मौन धरलंय. त्यांचं पुण्य आणखी वाढलं!

पुढचा शनिवार आला. केतकी ओट्याशी. बाटली उचलली, थांबली, ठेवली. मागून काकू आल्या. सोवळं नेसलेल्या. त्यांनी तळहात पुढं केला.

"यात घाल थोडं."

"आई! देवाला दाखवायच्या आधी?"

"घाल म्हणते ना."

तिनं चमच्यानं चार शेवया हातावर घातल्या. आणि यमुनाकाकू डबीरांनी — ज्यांनी जन्मात नैवेद्य चाखला नव्हता त्यांनी — ओट्यासमोर उभं राहून त्या तोंडात घातल्या! म्हणाल्या, "आज मीठ घालूच नकोस. काळ्या पाण्यात आहे तेवढं पुरे."

केतकी बघतच राहिली. "पण आई, तुमचा नियम..."

"मागच्या शनिवारी देव काही बोलला का तुला? नाही ना. मग कुणीतरी सांगायला नको?" आणि मग जरा थांबून, भांडं पुसता पुसता, "तेव्हा खारट होतं गं. मी नियमानं खाल्लं. हे आजचं तुझ्यासाठी."

तुम्हांला आता बोरं आठवली असतील. आठवू द्या, ती कथा मी सांगत नाही. ती खोक्यातली शेगडी अजून गॅलरीतच आहे, बंद. काकू तिच्यावर पापड वाळत घालतात.

तेव्हा मंडळी, तुमच्याही घरी आज कुणीतरी भीत भीत, न चाखता रांधतंय. चायनीज असेल, भाकरी असेल, नाहीतर दिवसभराचं काम असेल. तुम्ही तिथं देव होऊन बसता. काही बोलत नाही, आणि वर म्हणता, आम्ही कधी नावं ठेवली का! अहो, गप्प बसायला देव आहे ना! ते काम त्याला चांगलं जमतं. तुम्ही आत जा. हात पुढं करा. चाखा.

आणि हो, जाताना प्रसाद घ्या. आजचा शिरा आपल्या मंडळातल्या नव्या सुनांनी केलाय. सोवळ्यात, न चाखता! मी इथूनच बघतोय, कोण कसं तोंड करतंय ते.