उद्घाटन बाकी आहे

(बोरजाई नगरपंचायत. मुख्याधिकारी प्रियदर्शनी शेळके यांची केबिन. बुधवार, म्हणजे आठवडा बाजार, दुपारचे तीन. समोर भाजीवाली रंगूबाई, वय सत्तरीचं. खुर्ची दिली तरी उभीच. दाराशी नाथाजी, फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले आणि आता नगरपंचायतीचे रखवालदार. खिडकीतून बाजारातलं महिला स्वच्छतागृह दिसतं : गुलाबी, नवंकोरं, आठ महिने उद्घाटनाची वाट बघत असलेलं.)

रंगूबाई : म्या कुलूप तोडलं न्हाई. तोडलं आसतं तर सांगितलं आसतं. भ्येत्ये का काय कुनाला?

प्रियदर्शनी : तोडलं नाही हे मी बघून आलेय, मावशी. कुलूप जागच्या जागी आहे. उघडलं कसं, एवढंच सांगा.

रंगूबाई : उगाडलं म्हंजे... उगाडलं.

नाथाजी : मॅडम, ही अशी सीधा जवाब देनार न्हाई. फौजेत आसती तर—

रंगूबाई : फौजेत आसते तर तुझ्या आदी सुभेदार झाले आसते. गप हुबा ऱ्हा.

प्रियदर्शनी : नाथाजी, थांबा जरा. मावशी, गंमत नाही ही. गेल्या बुधवारी नगराध्यक्ष वीरधवलदादांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं. अकिला बांगडीवाली त्या दारातून बाहेर आली, आणि दाराशी तुम्ही उभ्या. उद्घाटन व्हायच्या आत!

रंगूबाई : आत ग्येलेली बाई भाईर येनारच की. तितं ऱ्हायाला ग्येली न्हवती ती.

प्रियदर्शनी : दादांना आज संध्याकाळपर्यंत माझा अहवाल हवाय. ज्यानं उघडलं त्याचं नाव, पोलिसात तक्रार, आणि त्याचा बाजारातला गाळा काढून घ्यायचा.

रंगूबाई : गाळा?

प्रियदर्शनी : गाळा.

रंगूबाई : आवं, जलम ग्येला उनात बसून, तवा कुटं त्यो पत्रा डोस्क्यावर आला माझ्या.

प्रियदर्शनी : म्हणून तर इथं बोलावलं. पोलीस विचारण्याआधी मी विचारतेय.

नाथाजी : मॅडम, लिवा माझं नाव. किल्ली म्या दिली.

रंगूबाई : ह्यो? ह्यो किल्ली देतुय? सोताच्या बायकूनं मागितली तवा दिली न्हाई ह्येनं! मनुबाई मेथीच्या पेंड्या टाकून पळत आलीया, आन ह्यो म्हनतोय, उद्घाटन बाकी हाय.

नाथाजी : ऑर्डर न्हवती.

प्रियदर्शनी : बायकोला नाही म्हणालात, नाथाजी?

नाथाजी : ड्यूटी म्हंजे ड्यूटी, मॅडम. पंधरा दिस बोलली न्हाई माझ्यासंगं. भाकरी वाढायची, पर ताट आपटून.

प्रियदर्शनी : मग आता खोटं नाव कशाला घालताय मध्ये?

नाथाजी : म्हातारीचा गाळा जातुय. माझी काय, पेन्शन चालू हाय.

रंगूबाई : आला मोटा! बाईसायेब, तुमी आदी पानी प्या बगू. सकाळी तुमच्या टपालवाल्याला चवळी द्यायला आले तवा ती बाटली हितवर भरल्याली हुती. आताबी हितवरच हाय.

प्रियदर्शनी : तहान नाही मला.

रंगूबाई : आमाला तरी कुटं आसती? बुदवारी बाजारात कुन्या बाईला तान लागत न्हाई.

प्रियदर्शनी : मावशी, विषय बदलू नका.

रंगूबाई : इषय त्योच हाय! फाटं चारला म्हसवडाकडनं टेंपो निगतुय. तवापास्नं आमी तोंडात पानी घेत न्हाई, का, तर जायाचं कुटं? बाप्यांचं काय, भिंत दिसली की झालं. अकिलाला मूतखडा झाला. डाक्टर म्हनला, लय पानी पी. पिऊन जायाचं कुटं, ते काय त्येनं चिठ्ठीवर लिवलं न्हाई.

प्रियदर्शनी : बांधून तयार आहे ना पण ते. तारखेसाठी चार वेळा साताऱ्याला जाऊन आले मी. एकदा मंत्रीसाहेबांना कुणाचं लग्न, एकदा अधिवेशन. मग त्यांचं खातंच बदललं, नवी कोनशिला कोरली. मग त्यात दादांचं नाव बारीक झालं म्हणून तिसरी.

रंगूबाई : संडासावर नाव लावाय येवडी झुंबड म्या पयल्यांदाच बगितली.

नाथाजी : तिन्ही शिळा आपल्याच हापिसात हायती मॅडम, लेडीज टॉयलेटात. ग्रामपंचायतीच्या जुन्या रेकॉर्डाला टेकून.

रंगूबाई : मंग हितल्या बायका कुटं जात्यात?

नाथाजी : हितं बाई एकच. मॅडम.

प्रियदर्शनी : माझी खोली आहे बाजारापलीकडं. मी जाते दुपारची.

रंगूबाई : बुदवारी? वांगी-बटाट्याच्या ढिगातनं? लाल दिवा लावला तरी वाट द्यायची न्हाई कुनी.

प्रियदर्शनी : मला लाल दिवा नाही, मावशी. आणि हे बघा, नाव सांगितलं नाहीत तर मला नाइलाजानं नवं कुलूप लावून पोलिसांना कळवावं लागेल. मग अकिला आणि तिचा खडा, सगळेच बाहेर.

रंगूबाई : नवं कुलूप कुटलं? तुमच्या गोदामातलंच?

प्रियदर्शनी : हो. का?

रंगूबाई : मंग लावा. लावा की.

प्रियदर्शनी : हसताय कशाला?

रंगूबाई : ही बगा.

प्रियदर्शनी : ही कुठली किल्ली?

रंगूबाई : माझ्या गाळ्याची. तुमीच दिल्याली. गाळ्यासंगं कुलूप फुकाट मिळालं, तवा फोटूबी काढला हुता आमचा.

प्रियदर्शनी : मग?

रंगूबाई : मंग काय! दिवाळीनंतरच्या बाजारात पोटात कळ आल्याली. गुलाबी दारापाशी ग्येले, रागरागानं हीच घातली कुलपात. म्हनलं मोडली तर मोडली. टक्कन उगाडलं! मला वाटलं सिद्दनाथच पावला.

प्रियदर्शनी : नाथाजी, ते माझ्या केबिनचं कुलूप आणा इकडं. द्या मावशी किल्ली... थांबा...

नाथाजी : उगाडलं.

प्रियदर्शनी : दिसतंय मला! पुन्हा लावा. आणा... उघडलं.

नाथाजी : चाळीस कुलपं एकदम घ्येतली हुती मॅडम. सगळ्यात सस्तं टेंडर. गाळं, गोदाम, दाखल्यांची खोली, पान्याची टाकी—

प्रियदर्शनी : टाकीचं पण?

रंगूबाई : घालून बगितली आमी. पर परत लावून ठिवलं हां. आमी काय चोर न्हाई.

प्रियदर्शनी : म्हणजे अख्ख्या बोरजाईला एकच किल्ली! कुठल्या शहाण्यानं ही खरेदी मंजूर केली? सही कुणाची आहे त्यावर?

नाथाजी : तुमची, मॅडम.

प्रियदर्शनी : माझी?

रंगूबाई : बाईसायेब, बसा. व्हतंय आसं. लय कागूद आसत्यात तुमाला.

प्रियदर्शनी : म्हणजे दिवाळीपासून तुम्ही सगळ्या...

रंगूबाई : दर बुदवारी. पाळी लावलीया आमी झाडायची. मी, अकिला, तिची सून अफसाना, मनुबाई. फिनेल घरचं, खराटा घरचा. तुमच्या ह्या हापिसापरीस साफ हाय.

प्रियदर्शनी : मनुबाई पण? नाथाजी! तुमचा पहारा होता ना तिथं?

नाथाजी : हुता की.

प्रियदर्शनी : आणि दिसलं नाही तुम्हाला काही?

नाथाजी : मॅडम, मला ऑर्डर हुती कुलूप कुनी तोडू नये. तोडलं कुनी न्हाई. बाया आल्या की म्या तोंड फिरवून हुबा ऱ्हायाचो. बायामान्सांकडं काय बगायचं?... आन मनुबाई बोलाय लागली हुती माझ्यासंगं.

प्रियदर्शनी : धन्य आहे. आणि हा फोन... दादांचाच. गप्प राहा दोघंही.

रंगूबाई : आता ग्येला माझा गाळा.

प्रियदर्शनी : हॅलो. बोला दादा... हो, समोरच आहेत... हो, नाव मिळालं... माझं. माझं नाव, दादा. माझ्या आदेशानं उघडलं ते... चाचणीसाठी... अहो, आठ महिने बंद नळ! साहेब आले, फीत कापली आणि तोटीतून नुसती हवा सुटली तर?... साहेब नाही जाणार आत, महिलांचंच आहे ते. पण त्यांच्या सौ. येतील, आपल्या वहिनीसाहेब येतील. त्या गेल्या आत आणि पाणी नाही, मग?... तेच म्हणते मी. रोजच्या वापराच्या बायका लावल्यात चाचणीला... तारखेपर्यंत चालू राहील ती... लेखी? देते ना लेखी. सहीनिशी... बदली?... मी पलूसची आहे दादा. करणारच असाल तर तिकडं जवळपास टाका, आईला बरं वाटेल... ठेवते.

रंगूबाई : आता तुमची बदली व्हनार?

प्रियदर्शनी : दादा दर बुधवारी करतात माझी बदली. पण ह्या वेळी लेखी मागितलंय. होईलही खरंच.

रंगूबाई : आवं मग माझंच नाव लिवा. गाळा काय, उनात बसायची सवं हाय मला.

प्रियदर्शनी : मावशी, कुलपावर सही माझी आहे. आणि आठ महिने मी तारखा मागत फिरले त्याऐवजी पहिल्याच दिवशी दार उघडून दिलं असतं, तर तुम्हाला ही चोरी करावी लागली नसती. लाज वाटते मला त्याची. बसा आता. अहवाल पूर्ण करू. चाचणीत काय आढळलं, सांगा.

रंगूबाई : म्हंजे?

प्रियदर्शनी : म्हणजे काय चालतंय, काय चालत नाही.

रंगूबाई : पानी येतंय, पर बारीक. दुसऱ्या खोलीची तोटी गळती. दिवा न्हाई. आन कडी न्हाई.

प्रियदर्शनी : कुठली कडी?

रंगूबाई : आतनं. तिनी दारांना आतनं कडीच न्हाई.

प्रियदर्शनी : कडीच नाही? मग ठेकेदाराला काम पूर्ण झाल्याचा दाखला कसा—

नाथाजी : सही—

प्रियदर्शनी : माहीत आहे मला, नाथाजी! लिहिते. "तिन्ही दारांना आतून कडी आढळून आली नाही. ठेकेदाराकडून तातडीने बसवून घ्यावी." पण मग मावशी, इतके दिवस तुम्ही कशा...

रंगूबाई : येक आत, येक दाराशी. पाठ लावून हुबं ऱ्हायाचं. त्यात काय!

प्रियदर्शनी : बरं. झालं. नाथाजी, हा कागद आवकजावकला द्या. आणि ते कुलूप काढूनच ठेवा आता.

नाथाजी : लेखी ऑर्डर, मॅडम?

प्रियदर्शनी : त्याच कागदात आहे. शेवटची ओळ.

नाथाजी : जी. मंग काढतो.

रंगूबाई : निगू मी? अफसानाला बशिवलीया गाळ्यावर. ती बांगड्यांच्या भावानं भेंडी इकल.

प्रियदर्शनी : मावशी, थांबा. नाथाजी, तुम्हीपण. तो कागद दहा मिनिटांनी द्या. आधी मला बाजारातून वाट करून द्या तिथपर्यंत.

नाथाजी : इन्स्पेक्शन, मॅडम?

प्रियदर्शनी : नाही. सकाळी आठला आलेय मी.

नाथाजी : ...जी. म्या तोंड फिरवून हुबा ऱ्हातो.

रंगूबाई : आगं माझे बाई! आन मगाधरनं मला इचारत बसलीस व्हय? चल, ऊठ. तू जा आत बिनघोर, मी हाय दाराशी.